दिवा लाल, तेल मात्र काठोकाठ

या महिन्यात टपालानं आणि फोनवर आलेल्या प्रश्नांपैकी पाच एकाच दिव्याबद्दल आहेत. इंजिन ऑइलचा दिवा, म्हणजे डॅशबोर्डवरची ती लाल झारी, जिच्या तोंडातून एक थेंब गळत असतो. त्यामुळं टायरचे आणि ए.सी.चे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, रागावू नका. माझी पत्रं टाइप करून देणारी सून म्हणाली, "बाबा, अख्खं पान एकाच दिव्यावर?" म्हटलं, होऊ दे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गॅरेज टाकल्यापासून दोरीनं ओढत आलेली जेवढी इंजिनं मी उघडली, त्यातली निम्मी या दिव्याकडं काणाडोळा केल्यामुळं आलेली होती.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी चिपळूणचा, माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. माझ्याकडे १९९८ सालची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरची. मीटरवर ९१ हजार किलोमीटर झाले आहेत. गेल्या महिन्यात कराडला लग्नाला जाऊन कुंभार्ली घाटाने परत येत होतो. घाट उतरून पोफळीला चहासाठी थांबलो, तेव्हा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. रेस दिली की विझतो, सोडली की पुन्हा लागतो. सकाळी इंजिन थंड असताना अजिबात लागत नाही. पहिल्या मेकॅनिकने सेन्सर बदलला, फरक पडला नाही. दुसऱ्याने "सर, बेअरिंग गेली, इंजिन उघडावं लागेल" असे सांगून २८ हजारांचा अंदाज दिला. भाचा म्हणतो, जाड तेल घाला, दिवा जाईल. २०२१ च्या जुलैमधल्या पुरात गाडी पाण्यात होती. तेव्हा सगळे साफ करून घेतले होते, तरी मनात शंका आहेच. (तेल कमी नाही. मी स्वतः डिपस्टिक पाहिली, वरच्या खुणेच्याही बोटभर वर आहे. गेल्या सहा महिन्यांत तेल घालावे लागलेले नाही.) अ‍ॅव्हरेज सोळावरून तेरावर आला आहे, पण ते वयोमानाने असावे. इंजिन उघडू का?

उत्तर : सर, नमस्कार. पेपरात पोरं कधी कधी बरोबर उत्तर कच्च्या कामाच्या रकान्यात लिहून ठेवतात, तसं तुमचं झालंय. अख्ख्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात घातलंत. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर आहे, हे तुम्ही तब्येत ठणठणीत असल्याचा दाखला म्हणून लिहिलंत. मला आजार तिथंच दिसला.

पंचविशी ओलांडलेली गाडी थोडं तेल पितेच. पातळी हळूहळू उतरते, आपण वरून घालतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण पातळी उतरायच्या ऐवजी चढत असेल, तर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या भांड्यात, बाहेरून काहीतरी येतंय. आधी एक साधी गोष्ट विचारून घ्या : गेल्या सर्व्हिसिंगला गॅरेजमधल्या पोरानं डिपस्टिक न बघता सगळा डबा तर ओतला नव्हता? तसं नसेल तर पेट्रोलच्या गाडीत तिथपर्यंत पोचणारे पातळ पदार्थ दोनच. एक रेडिएटरचं पाणी, दुसरं पेट्रोल.

पाणी असेल तर लपत नाही. डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखा रंग दिसतो, ऑइलचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला साय धरल्यासारखा थर असतो, आणि रेडिएटर सारखा भरावा लागतो. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. पुराचं पाणी तर मनातून काढून टाका. ते आत राहिलं असतं तर पंधरा दिवसांत बोललं असतं, इतकी वर्षं गप्प बसलं नसतं.

आता पेट्रोल. डिपस्टिक काढा आणि नाकाशी धरा. (बिडी-काडी लांब. हे मी विनोदानं सांगत नाही.) तेल काळंच दिसेल, पण पट्टीवरनं पाण्यासारखं ओघळेल. दोन थेंब अंगठा आणि बोटात घेऊन चोळा. चांगल्या तेलाला अंग असतं, बोटं एकमेकांवरून रेशमासारखी सरकतात. पेट्रोल मिसळलेल्या तेलाला ते अंग राहत नाही, बोटाला बोट लागतं. आणि तुमचा सोळाचा तेरा झालेला अ‍ॅव्हरेज? त्याला वयोमान म्हणू नका. पेट्रोल टाकीतून निघतंय, पण सगळं जळायला जात नाही.

दिवा आणि पेट्रोल यांचा संबंध काय, ते आमच्या कोल्हापूरच्या भाषेत सांगतो. गुऱ्हाळावर काहिलीतली गरम काकवी पळीतून पाण्यासारखी पडते, तीच बरणीत गार झाली की चमचा उभा राहतो. इंजिन ऑइल तसंच, गरम झालं की पातळ होतं. चेंबरच्या तळाशी असलेल्या गाळणीतून पंप तेल ओढतो आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगांकडं ढकलतो. तिथल्या फटी मिलीमीटरच्या शंभराव्या भागात मोजाव्या लागतात. त्या फटीतून तेल जितकं अवघडून बाहेर पडेल, तितका मागं दाब राहतो. तेल पातळ झालं की ते भसकन निघून जातं आणि दाब बसतो. रेस दिली की पंप जोरात फिरतो, जास्त ढकलतो, दाब थोडा वर येतो, दिवा विझतो. सोडली की परत तेच. सकाळी तेल गार आणि जाड, म्हणून दिवा गप्प. घाटातनं तापून आलेलं इंजिन पोफळीला आयडलवर आलं, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन रेस न देता नुसतं चालू, तेव्हा तो बोलला. तुमचं सगळं लक्षण यात बसतं.

पण याच जागी दुसरा मेकॅनिक फसला असावा, आणि त्याला मी मूर्ख म्हणणार नाही. बेअरिंग झिजलं की फट वाढते, आणि फट वाढली तरी लक्षण हेच : थंडीत ठीक, गरम आयडलला दिवा. पातळ तेल आणि झिजलेलं बेअरिंग दिव्याला सारखंच दिसतं. म्हणून पेट्रोल मिसळलेल्या तेलावर बेअरिंगचा निकाल लावायचाच नाही. आधी तेल बदला, मग बोला.

दिवा नक्की कशावर लागतो हेही एकदा समजून घ्या, म्हणजे पुढं कुणी फसवणार नाही. इंजिनच्या ब्लॉकवर बोटाएवढा ऑइल प्रेशर स्विच असतो. गॅरेजमध्ये सगळे त्याला सेन्सर म्हणतात, पण तो साधा बटणासारखा आहे. दाब नसला की आतला संपर्क वायरला बॉडीचं अर्थिंग देतो आणि दिवा लागतो. दाब साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या वर गेला की आतला पडदा ढकलला जातो, संपर्क सुटतो, दिवा विझतो. (आम्ही दाब किलोत बोलतो, एक किलो म्हणजे चौदा पीएसआय.) म्हणजे तेल किती आहे याची त्या दिव्याला गंधवार्ताही नाही, ते काम डिपस्टिकचं. दिव्याला फक्त दाब कळतो, आणि तोही अगदी तळाला गेल्यावर. पाव टाकी पेट्रोल राहिल्यावर सांगणाऱ्या काट्यासारखा तो सभ्य नाही. तो लागला म्हणजे सांगायला आधीच उशीर झालाय.

पहिल्या मेकॅनिकनं स्विच बदलला, त्यातही गैर काही नाही, हे स्विच खरंच जातात. पण बदलायच्या आधी दोन मिनिटांची परीक्षा होती. किल्ली ऑन, इंजिन बंद, दिवा लागलेला. स्विचची वायर काढायची, दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर वाटेत कुठंतरी बॉडीला घासतेय. मग काढलेली वायर ब्लॉकला टेकवायची, दिवा लागला पाहिजे. एवढं झालं की वायर आणि बल्ब बरोबर आहेत हे कळतं. स्विच खरं बोलतोय की खोटं, ते मात्र यातून कळत नाही. त्याला दाब मोजणारा काटाच लागतो.

माझा काटा एका भंगारात निघालेल्या ट्रॅक्टरचा आहे. ट्रॅक्टरला तेलाच्या दाबाचा काटा असतो, कारण शेतकऱ्याला नांगर चालू असताना लुकलुकणारा दिवा दिसणार कसा! तो काटा मी १९८९ साली तीस रुपयांत घेतला, त्याला दीड हात होजपाइप आणि पुढं स्विचच्या आट्याचं निप्पल बसवलं. स्विच काढायचा, त्या भोकात निप्पल, काटा काचेसमोर, इंजिन सुरू. नंतर जपानी, जर्मन काट्यांचे डबे घेतले, पण हात आपसूक त्याच काट्याकडं जातो. काच फुटली तेव्हा बायकोनं जुन्या घड्याळाची काच बसवून दिली. तुमच्या चिपळुणात जो मेकॅनिक काटा लावून आकडा दाखवेल त्याच्याकडंच जा. आकडा न दाखवता २८ हजार सांगणाऱ्याकडं नको.

आकडे कसे वाचायचे? इंजिन चांगलं तापू द्या, पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून आणा. गरम आयडलला एक किलोच्या आसपास काटा राहिला तर या वयाच्या मारुतीला मी पास करतो. अर्ध्या किलोच्या खाली असेल तर काहीतरी बिघडलंय. मधल्या रेसला, तीन हजार आरपीएमच्या सुमाराला, तीन किलो हवेत. हे माझ्या गॅरेजचे ठोकताळे, कंपनीच्या पुस्तकातली मापं याहून काटेकोर असतात. आणखी एक बघायचं. दाब फक्त आयडलला कमी आणि रेस दिल्यावर बरा, तर तेल पातळ किंवा बेअरिंग झिजलेलं. आयडलला बरा आणि रेस वाढवली की उलटा पडायला लागला, तर गाळणी तुंबलेली. पंप ओढतोय, पण त्याला तेल पुरत नाही.

हे दुसरं मी फार महागात शिकलो. १९९१ च्या पावसाळ्यात निपाणीहून एक प्रीमियर पद्मिनी आली. रेस दिली की दिवा. मी तेव्हा नवा, हात शिवशिवत होते, काटा लावायचा कंटाळा केला. इंजिन उघडलं, क्रँक ग्राइंडिंगला दिला, मेन आणि कॉनची (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या कॉनरॉडची) बेअरिंगं अंडरसाइज टाकली, चार दिवसांनी गाडी दिली. ती संकेश्वरपर्यंत गेली आणि दिवा पुन्हा पेटला. परत चेंबर उतरवलं तेव्हा बघितलं : दगडावर आपटून चेंबरच्या तळाला मुठीएवढा पोचा आलेला, आणि तो नेमका गाळणीच्या तोंडाला टेकलेला. पहिल्या वेळी तेच चेंबर मी हातात घेऊन धुतलं होतं. पोचा दिसला, पण कोकणात, बेळगावाकडं जाणाऱ्या कुठल्या गाडीला पोचा नसतो, म्हणून सोडून दिला. मजुरी परत दिली, बेअरिंगचे पैसेही मागितले नाहीत. त्या मालकांनी पुढं दोन गाड्या माझ्याकडं पाठवल्या, हे मला अजून समजलेलं नाही.

असो. तुमच्या मारुतीचं पेट्रोल चेंबरात कुठून उतरतं ते बघू. १९९८ च्या कार्बोरेटरच्या गाडीला टाकीतून पेट्रोल ओढायला इंजिनवरच बसवलेला यांत्रिक पंप असतो. गॅरेजमध्ये त्याला एसी पंप म्हणतात. थंड हवेशी त्याचा काही संबंध नाही, एका जुन्या कंपनीच्या शिक्क्यावरून ते नाव पडलं आणि राहिलं. कॅमशाफ्ट त्याची दांडी दाबतो आणि आतला रबराचा पडदा वरखाली होतो. एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इंजिनचं तेल, मधे तेवढा एक पडदा. तो फाटला की पेट्रोल दांडीच्या बाजूनं आत झिरपतं आणि थेट चेंबरात उतरतं. गाडी चालू राहते, फक्त पितेय जास्त. म्हणून माणसाला वर्षभर पत्ता लागत नाही.

तपासायचं असं. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची वायर काढलेली, आसपास देवघराचा दिवासुद्धा नको. पंपाचे बोल्ट काढा, पाइप तसेच राहू द्या, पंप बाहेर ओढा आणि त्याची दांडी हातानं आठ-दहा वेळा दाबा. दांडीच्या बाजूनं पेट्रोल ठिबकलं तर चोर सापडला. ठिबकलं नाही तर कार्बोरेटरकडं बघायचं. फ्लोटची, म्हणजे आतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीची, सुई अडकली असेल तर पेट्रोल ओसंडून सिलेंडरमधून खाली उतरतं, पण तसं असलं की गाडी सकाळी सुरू व्हायला कुरकुरते आणि काळा धूर सोडते. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणून माझं मत पंपावरच.

पडद्याबद्दल अजून एक. आता पेट्रोल पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. १९९८ च्या गाडीतलं रबर त्या पेट्रोलसाठी बनवलेलं नव्हतं. तुमचा पडदा त्यानंच फाटला असं मी म्हणणार नाही, त्याचं वयही झालेलं होतं. पण नवा पंप घेताना जुन्या साठ्यातला, खोक्यावर धूळ बसलेला, "ओरिजिनल आहे हो" म्हणून दिलेला घेऊ नका. आणि पेट्रोलचे रबरी पाइप बोटानं दाबून बघा, चिरा दिसल्या तर तेही बदला.

पंप बदलल्यावर तेल आणि फिल्टर दोन्ही काढून टाका. तेल २०डब्ल्यू-४०, साधंच चालतं. तीन लिटरचा डबा घ्या, पण सगळा ओतू नका, डिपस्टिक बघत बघत थांबा. जुना फिल्टर काढताना त्याची रबरी रिंग ब्लॉकला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. तशीच राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर तेल रस्त्यावर येईल. पाचशे किलोमीटरनंतर हेच तेल पुन्हा बदला, कारण कानाकोपऱ्यात पेट्रोल उरलेलं असतं. काढलेलं तेल डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या, नारळाच्या बुंध्यात ओतू नका. तुमच्याकडं ती पद्धत आहे हे मला माहीत आहे, माझी बहीण गुहागरला दिलीय.

आणि भाच्याला सांगा, जाड तेलानं दिवा कदाचित विझेल, पण पेट्रोल झिरपतच राहील आणि महिन्याभरात तेही पातळ करेल. मधल्या काळात सकाळी गार इंजिनला ते जाड तेल वेळेवर पोचणार नाही. इंजिन उघडायचं की नाही, हे काट्याचा आकडा आल्यावर कळवा. तोवर गाडी दारातच राहू दे.

(सरांचं दुसरं पत्र अंक छापायला जायच्या आधी आलं, त्यातला कामाचा भाग : "डिपस्टिकला पेट्रोलचा वास होता. मला सर्दी असल्यामुळे तो पत्नीने ओळखला. पंपाची दांडी दाबताच तीन दाबांत पेट्रोल ठिबकले. जुन्या तेलावर गरम आयडलला काटा पाव किलोवर होता. आपला आकडा भाजीवाल्याच्या मापात ऐकून मौज वाटली. नवा पंप, नवे तेल, नवा फिल्टर झाल्यावर आयडलला एक किलोला किंचित वर आणि रेस दिल्यावर तीन. दिवा लागत नाही.")

सर, एक किलोला किंचित वर म्हणजे बेअरिंग नव्यासारखी नाहीत, पण या आकड्यावर मी इंजिन उघडणार नाही. आकडा आणि तारीख कागदावर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. वर्षानं पुन्हा काटा लावा. पाऊण किलोवर आला तर मला लिहा. बाईंना नमस्कार सांगा, नाक त्यांचं कामाला आलं.

प्रश्न : मी सोलापूरची. ऑफिसला जायला २००५ ची सेकंडहँड झेन घेतली. तुमच्या सदरात वाचून किल्ली फिरवून बघितली. बॅटरीचा दिवा लागतो, ऑइलचा लागतच नाही. म्हणजे इंजिन चांगलं आहे ना?

उत्तर : ताई, उलटं आहे. किल्ली ऑन आणि इंजिन बंद असताना दाब शून्य असतो, तेव्हा तो दिवा लागलाच पाहिजे. लागत नसेल तर एकतर बल्ब गेलाय, नाहीतर स्विचची वायर निघालीय, नाहीतर कुणीतरी मुद्दाम काढलीय. स्विचवरची वायर शोधा आणि ती ब्लॉकला टेकवा. दिवा लागला तर वायर निघालेली होती, आणि ती जागेवरच असेल तर स्विच खराब. नाही लागला तर मीटर उघडून बल्ब बघायला सांगा.

मी एकदा अशी गाडी बघितलीय, जिच्या ऑइलच्या दिव्याची वायर कापून बॅटरीच्या दिव्याला जोडलेली होती, म्हणजे किल्ली फिरवली की दोन्ही दिवे बरोबर लागायचे आणि बरोबर विझायचे. विकणाऱ्यानं डोकं लावलं होतं, ते इंजिनवर लावलं असतं तर बरं झालं असतं. तुमच्या गाडीत तसं असेलच असं नाही, पण दिवा जागेवर आला की लगेच काटा लावून दाब बघून घ्या. बिल मिळालं असेल तर ते सांभाळून ठेवा.

प्रश्न : साताऱ्याहून महाबळेश्वरला जाताना केळघर घाटात डाव्या वळणावर ऑइलचा दिवा क्षणभर लागतो, सरळ रस्त्यावर नाही. जुनी वॅगन आर आहे.

उत्तर : तेल कमी आहे. वळणावर ते चेंबरच्या एका कडेला जातं आणि गाळणीचं तोंड उघडं पडतं, पंप हवा ओढतो. गाडी सपाटीवर लावा, दहा मिनिटं थांबा, डिपस्टिक पुसून परत घाला आणि बघा. घातल्यावर दिवा गेला म्हणून विसरू नका, तेल गेलं कुठं ते शोधा. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा घालून ठेवा. सकाळी पुठ्ठ्यावर डाग नसेल, तर ते धुरातून जातंय.

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, आठ वर्षं श्टुटगार्टला राहतो. हौसेने १९९० ची फोक्सवॅगन गोल्फ घेतली. आयडलला ऑइलचा दिवा लागत नाही, पण रेस २००० च्या वर गेली की दिवा लुकलुकतो आणि भोंगा वाजतो. इथल्या वर्कशॉपने ऑइल पंप बदलायला सांगितलं आहे. वायरिंगच्या नकाशाचा फोटो सोबत पाठवतो.

उत्तर : नकाशा पाठवलात ते उत्तम केलंत, दुपारभर चहा पीत त्याच्यावर बोट फिरवत बसलो. तुमच्या गाडीला एकाऐवजी दोन स्विच आहेत. सिलेंडर हेडवरचा ०.३ बारचा (बार म्हणजे जवळपास आपला किलोच), तो आमच्या मारुतीसारखाच. फिल्टरजवळचा १.८ बारचा, आणि त्याचा स्वभाव उलटा. दाब १.८ च्या वर गेला की तो अर्थिंग देतो, म्हणजे "ठीक चाललंय" असं सांगतो. २००० आरपीएमच्या वर त्याच्याकडून तो निरोप आला नाही, तर मीटरमधला कंट्रोल बोंब मारतो.

यातली गंमत अशी, की आमच्याकडं वायर तुटली तर दिवा गप्प होतो, तुमच्याकडं या दुसऱ्या स्विचची वायर तुटली तर भोंगा वाजतो. पस्तीस वर्षांची वायर, बाजूला गरम इंजिन. तिच्या टोकाला गंज असेल किंवा ती सुटली असेल, तेवढंच पुरेसं आहे. फिल्टरजवळची ती वायर काढून ब्लॉकला टेकवा आणि रेस २००० च्या वर न्या. भोंगा थांबला तर वायरिंग चांगलं, दोष स्विचमध्ये किंवा खरंच दाबात. नाही थांबला तर वायरच. टेकवलेली वायर मात्र तशीच ठेवून गाडी चालवू नका, तो भोंग्याच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखा प्रकार होईल. यानंतर काटा लावा. तेल ८० अंशाला आणि इंजिन २००० आरपीएमला असताना निदान २ बार दाब मिळाला पाहिजे. मिळाला तर पंपाचे पैसे वाचले, स्विच बदला. नाही मिळाला तर तुमचं वर्कशॉप बरोबर आहे, आणि पंपाच्या आधी गाळणी धुऊन बघा असं त्यांना माझ्या वतीनं सांगा. निपाणीची गोष्ट सांगायची की नाही, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : शेतावरून येताना ऑइलचा लाल दिवा कायमचा लागला आणि इंजिनातून टकटक यायला लागली. घर चार किलोमीटर. हळूहळू चालवत नेली तर चालेल का? (इस्लामपूर)

उत्तर : नाही. चारशे मीटरही नाही. लुकलुकणारा दिवा आणि कायम लागलेला दिवा यात फरक आहे, आणि टकटक आली म्हणजे बेअरिंग कोरडं चाललंय. आत्ता बंद केलीत तर कदाचित बेअरिंगांवर भागेल, घरापर्यंत चालवलीत तर क्रँक ओरखडेल, आणि कॉनरॉड तुटून ब्लॉकच्या बाहेर आला तर इंजिन भंगारातच द्यायचं.

ट्रॅक्टर बोलवा आणि ओढून न्या. इंजिन बंद असल्यामुळं ब्रेकला मदत मिळणार नाही, पेडल दगडासारखं लागेल, तेव्हा दोन्ही पायांचं बळ लावायची तयारी ठेवून बसा. दोरी ओढायच्या हुकालाच बांधा, बंपरला नको. गाडी न्यूट्रलला. आणि किल्ली काढून खिशात घालू नका, ऑनवरच ठेवा, नाहीतर पहिल्या वळणाला स्टेअरिंग लॉक होऊन गाडी उसात जाईल.